फडक्याने पुसलेला मी

मी भाजी चिरायचा लाकडी चॉपिंग बोर्ड बोलतोय. एका सुताराने मला घडवलं. टेबलाची उरलेली फळी घेऊन तिला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि मला बायकोपुढे धरून म्हणाला, "घे. आता ताटात भाजी चिरून सुरीची धार घालवू नकोस."

तिने मला बारा वर्षं जपलं. कच्चं मांस कापलं की लगेच साबण लावून गरम पाण्याने धुवायची, उन्हात उभं करायची. सुतार चिडवायचा, "माझ्या अंघोळीची एवढी काळजी कधी केली नाहीस!" ती हसायची, पण धुणं सोडायची नाही.

मग ती गेली. स्वयंपाकघर सुताराच्या अंगावर पडलं. माणूस कष्टाळू, पण हात धुणं म्हणजे नळाखाली बोटं ओली करणं, एवढंच त्याला ठाऊक. मी ओलाच पडून राहू लागलो. सुरीच्या चिरा खोल होत गेल्या.

एकदा त्याची लेक तान्ह्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली. सुताराच्या पायाला भिंगरीच लागली. "पोरीच्या अंगात ताकद यायला हवी," म्हणत त्याने कोंबडी आणली, माझ्यावर तुकडे केले, सूप शिजत ठेवलं. मग खांद्यावरच्या फडक्याने मला आणि सुरीला पुसलं आणि त्याच हातांनी माझ्यावरच लेकीसाठी काकडी चिरली. मला ओरडावंसं वाटलं. लाकडाला कुठला आवाज!

दोन दिवसांनी लेकीला जुलाब, उलट्या, फणफणून ताप. तिला दवाखान्यात भरती केलं. बाळ शेजारच्या काकूंच्या मांडीवर भुकेने रडत होतं.

संध्याकाळी सुतार घरी आला आणि ओट्याशीच उभा राहिला. काकूंना म्हणाला, "नर्सने विचारलं, कोंबडी कापल्यावर बोर्ड कशाने धुतलात? मी म्हटलं, पुसला की स्वच्छ फडक्याने. तर म्हणाली, काका, पुसून जंतू जात नाहीत हो, फडक्यावरून सगळीकडे पसरतात. हातांवरूनसुद्धा." त्याने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. "मीच आजारी पाडलं हो पोरीला."

काकू बाळाला थोपटत राहिल्या.

लेक नवव्या दिवशी परतली, पार वाळून. तोवर सुताराने दोन नवे बोर्ड आणले होते, एक मांसाला, एक भाजी-फळांना. मला हातात घेऊन त्याने चिरेत नख घातलं. "यातली घाण आता निघायची नाही," एवढंच म्हणाला. फेकवेना, म्हणून कामाच्या खोलीत नेऊन ठेवलं. आता माझ्यावर लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा असतो.

वाईट वाटतं. पण त्याने केलं ते बरोबरच. तुमच्या ओट्यावर माझ्यासारखा चिरा पडलेला कुणी असेल, तर त्यालाही निरोप द्या. नवा असेल, तर कच्चं मांस कापल्यावर साबणाने धुऊन कोरडा करा. आणि मग आपले हातही.

इथून मोरीतला नळ ऐकू येतो. आताही चालू आहे.

"बाबा, किती वेळ धुताय? बाळाला घ्या ना!"

"आलो गं. अंगठा राहिलाय."