लुसियाँने दुसऱ्या फेरीत मत दिलं

सोमवारी सकाळी मार्गो रुवील दारात आली तेव्हा मी लुसियाँचे सदरे घड्या करून खोक्यात भरत होते. माझा नवरा जाऊन त्या दिवशी बरोबर दोन आठवडे झाले होते. मार्गो आमच्या व्हॅलमोरीची गुरांची डॉक्टर. आदल्याच दिवशी, नगरपालिकेच्या दुसऱ्या फेरीत, तिची उमेदवारांची यादी नगराध्यक्ष ओक्ताव देलमासच्या यादीपुढे एका मताने हरली होती. एका!

"बाई, माझ्याबरोबर पालिकेत चला ना," ती म्हणाली. "मतदारांनी सह्या केलेली यादी दहा दिवस कुणालाही बघता येते. निम्म्या गावाला तुम्ही लिहायला शिकवलंत. खोटी सही असली तर तुमच्या नजरेतून सुटायची नाही."

"हरलं की गप घरी बसावं, मार्गो. ओक्तावने शंभर भानगडी केल्या असतील, पण मतं चोरायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही."

"मग मला खोटं पाडायला तरी चला."

तेवढ्यासाठी गेले. शाळामास्तरणीला दुसऱ्याला खोटं पाडायची संधी सोडवत नाही.

ओक्तावला मी सहा वर्षांची असल्यापासून ओळखते; एका बाकावर बसायचो आम्ही. बत्तिसाव्या वर्षी नगराध्यक्ष, मग तीनदा पॅरिसला खासदार, चौदा महिने शेतीखात्याचा राज्यमंत्री. टीव्हीवर सांगायचा, मी गोठ्यात वाढलो. त्याच्या आईचं औषधांचं दुकान होतं आणि गाय दिसली की हा रस्ता ओलांडायचा! सरकारी गाडी घेऊन शिकारीला गेला. नोकरी गेली ड्रायव्हरची. गावच्या जंगलात त्याचा बंगला निघाला. चूक ठरली कारकुनाची. क्रीडागृहाचं कंत्राट त्याच्या मेव्हण्याला मिळालं तेव्हा माझा लुसियाँ बांधकामाचा उपनगराध्यक्ष होता. कोर्टात उभा राहून म्हणाला, "मी एकट्याने केलं." पाच वर्षं त्याचा मताचा हक्क काढून घेतला. ओक्तावचं काय गेलं? काही नाही. पुढच्या निवडणुकीत त्याची मतं वाढली. लोक म्हणाले, बिचाऱ्याला मित्रही कसे मिळतात बघा.

त्या पाच वर्षांत मतदानाच्या रविवारी लुसियाँ पडदे ओढून घरात बसायचा. हक्क परत मिळाला त्या दिवशी लग्नातला सूट घालून पालिकेत गेला आणि मत दिलं ओक्तावलाच. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

पालिकेतल्या मुलीने यादी आमच्यापुढे ठेवली. प्रत्येक नावापुढे दोन रकाने, पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्या फेरीचा. मत टाकलं की माणूस आपल्या रकान्यात सही करतो. मी पानं उलटत गेले. अक्षरं सगळी ओळखीची, आणि अजून तशीच गचाळ. मार्गो खिडकीशी कुणाच्या तरी आजारी घोड्याबद्दल फोनवर बोलत होती.

मार्शांदो, लुसियाँ.

पहिला रकाना कोरा होता. असणारच, त्याच्या सहा दिवस आधी आम्ही त्याला गमावलं होतं. दुसऱ्या रकान्यात सही होती.

पहिल्या फेरीत माझा नवरा मेलेला होता आणि दुसऱ्या फेरीत उठून मत देऊन गेला होता. याद्या आधी छापतात, मेलेल्याचं नाव कधीकधी राहून जातं, ते मला ठाऊक होतं. पण सही? ती तर हुबेहूब लुसियाँची होती. फक्त खाली एक आडवी रेघ होती. लुसियाँने जन्मात सहीखाली रेघ मारली नाही. ती रेघ मारायचा माझा सिल्व्हाँ, आठ वर्षांचा असल्यापासून. त्यासाठी मी त्याला भर वर्गात रागावले होते. आणि रविवारी यादीपाशी सह्या घ्यायला तोच बसला होता, माझा पोटचा मुलगा.

"काही सापडलं का, बाई?" मार्गोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले आणि यादी मिटली. मिटताना माझं बोट त्याच पानात राहून गेलं. मार्गोने ते बघितलं असावं. जाताना एवढंच म्हणाली, "तक्रार शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत करता येते. कुणाही मतदाराला."

चार दिवस गेले. शुक्रवारी दुपारी सिल्व्हाँला जेवायला बोलावलं. अडतीस वर्षांचा आहे. रविवारी नव्या पालिकेची पहिली बैठक व्हायची होती, त्यात तो ओक्तावचा उपनगराध्यक्ष होणार होता. मसूर आणि सॉसेजचं ताट पुढे ठेवलं आणि सरळ विचारलं.

तो लाजलासुद्धा नाही! त्यानेच मी जास्त हादरले.

"बाबांनी आयुष्यभर ओक्तावकाकांनाच मत दिलं, आई. त्यांचं राहिलेलं काम मी केलं. त्यांना आवडलं असतं."

"त्यांना काय आवडलं असतं ते मला विचारायचंस की, गाढवा! शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, 'हुगेत, या वेळी मत मार्गोला. ओक्तावसाठी मी पाच वर्षं मेलो होतो, आता तेवढं पुरे.' सगळ्या जन्मात त्यांनी एकदाच त्याला नाही म्हटलं, आणि तेही तू पुसून टाकलंस."

सिल्व्हाँचा चमचा ताटात पडला. मग तो उठून अंगणात गेला. मला वाटलं, रडायला गेला. गेला होता तो फोन करायला.

अर्ध्या तासात ओक्ताव आला. कधी नव्हे तो घंटी वाजवून आला. लुसियाँच्या दफनाच्या दिवशी हाच माणूस नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा लावून असा हुंदके देत होता की पाद्र्याने आपला रुमाल दिला होता.

"हुगेत," तो माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसत म्हणाला, "पोराने भावनेच्या भरात केलं. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. मी कधीच कुणाला काही सांगत नाही."

"रविवारी मतपेटीशी तूच होतास, ओक्ताव. पेटीचा दांडा ओढल्याशिवाय मताचं पाकीट आत पडत नाही. तूच दांडा ओढलास आणि तूच ओरडलास, 'मत दिलं!' लुसियाँच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तुझीच सही आहे."

"दुपारची वेळ होती, जरा डुलकी लागली असेल. माझंही वय झालंय गं." तो हसला, खरंच हसला. "हे बघ, गप्प बसलीस तर उत्तम. नाहीच बसलीस, तर सिल्व्हाँ सांगेल की त्याने एकट्याने केलं. पहिलाच गुन्हा, तुरुंग काही होत नाही. मताचा हक्क जाईल चार-पाच वर्षं. जातात गं वर्षं. मी त्याला कुठेतरी लावून देईन."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. माझ्याच स्वयंपाकघरात, बापाच्या खुर्चीत बसून, हा माणूस मुलाचा हिशेब करत होता. त्याहून भयंकर म्हणजे सिल्व्हाँ मान डोलावत होता.

"हो आई. मी एकट्याने केलं असंच सांगतो."

मी उठले. दार उघडलं आणि ओक्तावकडे बघत उभी राहिले. तो टोपी घेऊन उठला. उंबऱ्यात थांबून सिल्व्हाँच्या खांद्यावर थाप मारली आणि गेला.

घड्याळात सव्वाचार वाजले होते. तक्रार द्यायची ती प्रांत कचेरी गाडीने वीस मिनिटांवर. मी कागद घेतला आणि तक्रार लिहिली: नाव, तारीख, रकाना, सही. कुणाची सही तेही लिहिलं. माझ्या मुलाचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं.

"तुला वाचवणं माझ्या हातात नाही," मी कागद त्याच्यापुढे सरकवला. "खाली जागा ठेवली आहे. 'एकट्याने केलं' हे खरं असेल तर तसं लिही. मी काही बोलणार नाही, नेऊन देईन. खोटं असेल तर खरं लिही."

"बाबा खरंच म्हणाले होते तसं?"

"म्हणाले होते."

पाच वाजून गेले. मी कोट घालून दाराशी उभी राहिले. शेवटी त्याने पेन उचललं आणि लिहू लागला, जिभेचं टोक बाहेर काढून, लहानपणी लिहायचा तसं. एकच ओळ लिहिली, सही केली आणि माझ्याकडे न बघता कागद दिला.

मी वाचलं: "दुपारी अडीचला खोलीत कुणी नसताना श्री. देलमास यांनी यादीतल्या वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, त्यांच्या यादीची चिठ्ठी घातलेलं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, 'तुझा बाप राहिलाय बघ, त्याला बोलाव.'"