डावा गुडघा

"डावा गुडघा," मॅनेजर नाजी म्हणाला. "उद्या सामन्यात मध्येच पडायचं आणि लंगडत बाहेर जायचं. पुढचं आमचा डॉक्टर बघेल."

ब्रिस्कोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अमेरिका सोडून तो वर्षानुवर्षं देशोदेशी बास्केटबॉल खेळत आला होता, आणि बैरूतजवळच्या या क्लबसाठी त्याने घाम गाळला होता. आता क्लबला त्याच्या जागी तरणा गडी हवा होता. पण परदेशी खेळाडू बदलायची मुदत संपली होती. जखमी झाला, तरच बदलता येत होता.

"माझा गुडघा ठणठणीत आहे!"

"हबीबी, जखमी म्हणून गेलास तर लोक टाळ्या वाजवतील. कर्टिसही असाच गेला."

कर्टिस म्हणजे ब्रिस्कोच्या आधीचा अमेरिकन. पहिल्याच दिवशी तो लंगडत येऊन ब्रिस्कोशी हात मिळवून गेला होता. म्हातारा घोडा, असं तेव्हा ब्रिस्कोच्या मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाजी बाकावरून खुणा करकरून थकला, पण ब्रिस्को पडला नाही. शेवटची शिट्टी वाजताच तो ताडताड गॅलरीत चढला. तिथे क्लबचा कोरा ट्रॅकसूट घालून एक कोवळा अमेरिकन बसला होता. तो अदबीने उठला.

"दादा, गुडघा गेलाय म्हणाले, तरी काय खेळलात हो!"

"माझा नाही, तुझा गेलाय," ब्रिस्को कडाडला. "डावा. आत्तापासून लंगडायला शीक."