पाणी पिणारी जीप

लातूर जिल्हा झाला तेव्हा अहमदपूरकडच्या गावांना हुरूप आला. आजवर सरकारी काम म्हटलं की उस्मानाबाद गाठावं लागे. आता लातूरला जायचं. नरसिंगनं हे बरोबर हेरलं. पावसानं पाठ फिरवलेली, रानात कुसळही उगवणार नव्हतं. पण कचेरीत खेटे घालणारी माणसं तर होतीच. एक जुनी जीप घ्यावी आणि माणसं न्यावीत. आपल्याकडं मिळेना, म्हणून तो हद्द ओलांडून बिदरला गेला.

तिथला नागप्पा मूळचा बैलांचा व्यापारी, अलीकडं जुन्या गाड्या विकायचा. सवय मात्र बैलबाजाराचीच. बैल विकताना त्याच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगायची, मग घेणाऱ्यानं तक्रार करायची नाही. नागप्पानं जीपच्या बॉनेटवर पंजा ठेवला.

“नोड्री, बघा सावकार, खोड सांगून देतो. पळायला वाघीण हाय, पण पाणी लई पिते. रेडिएटर गळतो, डाग मारला तरी सुटतो. मागून मला शिव्या द्यायच्या न्हाईत.”

“पिऊ द्या की,” नरसिंग हसला. “आमच्या गावात माणसं काय काय पितात. ही पाणीच पिते न्हवं?”

उदगीरवरून जीप गावात आली. बायकोनं, सिंधूनं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. नव्या जनावराच्या पायावर घालावं तसं चाकांवर पाणी घातलं, तेही चूळभर. खोड सांगायची ती तेव्हाच सांगायची होती. पण सगळी हसत होती, त्याची आंधळी माय धुरपताबाई जीप चाचपून बघत होती. नरसिंगनं गोष्ट गिळली.

विहिरी आटल्या होत्या. ओढ्यात खणलेल्या झऱ्यावर बसून सिंधू वाटीवाटीनं घागर भरायची. पहाटेची खेप रांजणात ओतून ती दुसरीला गेली की नरसिंग डबा बुडवायचा आणि जीपच्या घशात रिकामा करायचा. वाटेवरच्या गावात मागायची सोय नव्हती. तहानलेल्या माणसाला कुणीही पाणी दिलं असतं, गाडीला कोण देणार?

एक दिवस सिंधू घागर टेकवून म्हणाली, “आत्या, रांजण भरून गेले होते मी. निम्मा कसा झाला?”

“माझ्याच हातनं सांडलं असंल बाई,” धुरपताबाई म्हणाली. “हात कापतोय लई.”

“सांडलं तर ओल कुठाय?”

“ही भुई काय ओल ठेवतीया?”

नरसिंग दारातच उभा होता, डबा पाठीमागं धरून.

पुढं जेवताना त्याच्या ध्यानात आलं, माय कोरडी भाकर चावत राहते, ठसका लागला तरी तांब्याकडं हात नेत नाही. ओठांना भेगा पडल्या होत्या.

“पाणी पी की माय.”

“सांडते मी लेका. तेवढं पिलं न्हाई म्हंजे झालं. सिंधूच्या मानंचा काटा ढिला झाला वाहून वाहून.”

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. “माय, तू न्हाई सांडीत. मी नेतो. जीपला लागतं.”

धुरपताबाईनं त्याचं तोंड कुरवाळलं. “बघ गं सिंधू! माझा आळ अंगावर घ्यायलाय.”

तिनं ते शेजारच्या केवळाबाईलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये चढताना केवळाबाई चारचौघांत म्हणाली, “नरसिंगा, लेक असावा तर असा!” भरल्या जीपनं माना डोलावल्या. नरसिंगला लातूर येईपर्यंत मागं वळून बघवेना.

सिंधू मात्र त्या दिवसापासून डब्याकडं बघत होती. एका संध्याकाळी तिनं विचारलं, “कधीपास्नं?”

“आणली तवापास्नं. नागप्पानं आधीच सांगितलं होतं.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पहाटे तिनं भरली घागर जीपपुढं आणून ठेवली.

“घाला. पण आत्याला हितं आणा. त्यांच्या कानापुढं घाला.”

नरसिंगनं मायला धरून आणलं, जीपशेजारी दगडावर बसवलं आणि घागर तिरपी केली. घटाघटा आवाज येऊ लागला. धुरपताबाई मान वाकडी करून ऐकत होती. आवाज लवकर थांबेना.

“एवढं?”

“हाव.”

“रोज?”

“रोज, माय.”

तिचा हात नुसताच गुडघ्यावर फिरत राहिला. “मला वाटलं, म्हातारपणानं माझी अक्कल गेली. रात रात जागून आठवायची मी, कुठं सांडलं म्हणून.”

सिंधूनं तांब्या आणून तिच्या हातात दिला. धुरपताबाईनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि तांब्या खाली ठेवला.

“बास. जात न्हाई गं आता.”

तोवर लातूरला जायची माणसं जीपमध्ये बसली होती. कुणीतरी हॉर्न दाबला. नरसिंग हलला नाही. तो मायपुढं उकिडवा बसला, तांब्या उचलून तिच्या ओठांना लावला.

“अजून एक घोट, माय. एकच.”

तिनं ओठ मिटून घेतले. हॉर्न वाजत राहिला.