टाकीतला बेडूक

नेव्हिल गेल्यापासून माझी नणंद कोरल घर घासत सुटली होती. त्याच्या शेवटच्या दिवशी मॅके शहराहून बसने आली, ती परत जायचं नाव काढेना. आधी पंखे पुसले, मग पडदे उतरवले, मग मी बसले होते ती खुर्ची माझ्यासकट सरकवून खालची फरशी पुसली. दुःखाला कामाला जुंपायची तिची रीत. माझी रीतच नव्हती. मी बसून राहायचे. चाळीस वर्षांचा संसार संपला आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. लोक लझान्याचे ट्रे आणून देत, मान वाकडी करून विचारत, ‘‘डेझली, कशी आहेस गं?’’ मी म्हणायचे, ‘‘बरी आहे.’’ ते खरं होतं, तीच तर पंचाईत.

दुपारी चहाला दूध हवं म्हणून फ्रीज उघडला. दुधाच्या बाटलीशेजारी गाठ मारलेली पावाची पिशवी होती आणि तिच्यात एक तपकिरी गोळा.

‘‘कोरल, हे काय ठेवलंयस?’’

‘‘भेक!’’ ती आतून ओरडली. ‘‘तुझ्या संडासात फरशीवर बसला होता मेला. हलेना की डुलेना. जरा गार झाला की फ्रीझरमध्ये टाकते.’’

आमच्या उसाच्या मुलखात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. विषारी भेक, म्हणजे तो खडबडीत कातडीचा मोठा बेडूक, घरात शिरला की पिशवीत घालायचा, आधी फ्रीजमध्ये सुस्तावू द्यायचा, मग फ्रीझर. त्याला कळत नाही आणि आपल्याला मारल्यासारखं वाटत नाही. मी स्वतः असे कित्येक पोचवलेत.

दूध काढून मी दार लावत होते, तेवढ्यात पिशवीला आतून चिकटलेली बोटं दिसली. प्रत्येक बोटाच्या टोकाला वाटोळी गादी. भेकाला ती नसते. मी पिशवी बाहेर काढली.

‘‘कोरल, हा आपला हिरवा बेडूक आहे.’’

‘‘हिरवा कुठून? मातीसारखा तर दिसतोय!’’

‘‘आजारी पडला की काळवंडतो.’’

आमच्या फ्लशच्या टाकीत हा बेडूक कित्येक वर्षं राहत होता. त्याच्यापायी नेव्हिलने घरात फिनेलचा थेंब येऊ दिला नाही. ‘‘तो घरमालक, आपण भाडेकरू,’’ म्हणायचा. मी जाऊन टाकीचं झाकण उचललं. पाणी निळंशार. तळाशी सुगंधी वडी अर्धी विरघळलेली.

कोरल दारात येऊन उभी राहिली. ‘‘वास येत होता गं. मला काय माहीत?’’

खरंच, तिला काय माहीत. मला राग यायला हवा होता. मी त्याची वाटही पाहिली, पण तो आला नाही.

रस्त्यापलीकडच्या केळीबागेतली लिओनी झप्पाला नावाची बाई आजारी बेडूक सांभाळते. तिला फोन लावला.

‘‘साबणाचे हात लावू नका,’’ ती म्हणाली. ‘‘नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. पावसाचं साठवलेलं असेल ते घ्या आणि हलके धुवा. आईस्क्रीमच्या डब्यात ओला कागद घालून ठेवा, झाकणाला भोकं पाडा. खायला घालू नका, ऊब द्यायला जाऊ नका. आणि गळ्याकडे बघत राहा. गळा हलतोय तोवर तो आहे. मी निघालेच.’’

कोरलने मागच्या पिंपातलं पाणी आणलं. मी हात ओले करून त्याला उचललं. त्याला वजनच नव्हतं, कमरेची हाडं वर आली होती. पाणी त्याच्या पाठीवरून वाहून गेलं. मग आम्ही दोघी टेबलाशी डबा ठेवून बसलो. गळा हलला. थांबला. पुन्हा हलला.

‘‘हॉस्पिटलात मी अशीच नेव्हिलचा गळा बघत बसले होते,’’ मी म्हणाले. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. ‘‘थांबला ते मला कळलंच नाही. नर्सने येऊन सांगितलं.’’

‘‘तू होतीस तरी,’’ कोरल म्हणाली. ‘‘मी बसमध्ये होते. भावाला शेवटचं पाहिलंही नाही.’’

‘‘म्हणून घासत सुटलीयस?’’

‘‘मग काय करू? तुझ्यासारखी खांब होऊन बसू?’’

टोमणा बरोबर जागी होता. मला लागला मात्र नाही. मी पुन्हा डब्यात पाहू लागले.

लिओनी चिखलाचे बूट पायरीशी काढून आत आली. तिने झाकण उघडलं, बेडूक उलटा केला, पोट पाहिलं, पुन्हा सुलटा ठेवला. पाय ओढून घ्यायलाही त्याने उशीर केला.

‘‘त्या पाण्यात किती दिवस होता?’’

‘‘चार-पाच असतील,’’ कोरल खाली बघून म्हणाली.

‘‘फार अशक्त झालाय. घेऊन जाते, पण वचन देत नाही हं, डेझलीबाई. असे बरेचसे जातात.’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हणाले. ‘‘न्या. मेला तर मला फोन करू नका.’’

‘‘बरं. आणि जगला तर?’’

नेव्हिलच्या आजारपणात डॉक्टरांनी, पाद्रीबाबांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी मला मनाची तयारी करायला सांगितलं होतं. मी ती चोख केली. इतकी चोख, की तो गेला तेव्हा मनाला वाटायला काही उरलंच नव्हतं. जगला तर काय करशील, हे मात्र मला कुणी एकदाही विचारलं नाही. मी स्वतःलाही विचारलं नाही.

‘‘जगला तर,’’ मी म्हणाले, आणि परक्या बाईसमोर तोंड वाकडं करून, नाक गाळत मी रडायला लागले. लाज वाटली तरी थांबता येईना. कोरलने माझा दंड घट्ट धरला. तिलाही रडू फुटलं होतं.

‘‘परत आणा,’’ मी कशीबशी म्हणाले. ‘‘त्याच दिवशी आणा. वाट बघायला लावू नका.’’

लिओनी डबा घेऊन गेली. मी तशीच रडत राहिले. मला नेव्हिल परत हवा होता.