न्हाणीच्या मागच्या भिंतीतलं भोक

आमच्या घरात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात, आणि घाबरावंच. चुकीचं दिसलं की मी बोलते, मग समोर बाबा असोत नाहीतर आप्पा. "ही सासरी कशी नांदायची देव जाणे," हे आई माझ्या दुसरीपासून म्हणतेय. नांदू नाहीतर नांदू नको, पण बाथरूमच्या त्या भांडणात माझं बरोबर होतं, हे आधी सांगून टाकते. पुढं मग कुणी विचारू नका.

मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बांधकामाचे नियम शिकवताना आमच्या मॅडमनी सगळ्यांना कामाला लावलं: टेप घ्या, आपापलं घर मोजा आणि नियमात बसतं का बघून या. वर्गात एकाचंही घर बसलं नाही. कुणाचा जिना अरुंद, कुणाची गॅलरी शेजाऱ्याच्या डोक्यावर. सगळे खदाखदा हसत होते. मी पण हसले. मॅडम नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "हे नियम कुणी हौसेनं लिहिले नाहीत. प्रत्येक ओळीमागं कोण तरी गेलेलं असतं." मला ते तेव्हा जरा नाटकी वाटलं.

घरी येऊन मी बाथरूम मोजलं. नियम साधा आहे. न्हाणीघराची एक भिंत तरी उघड्या हवेला लागलेली पाहिजे आणि तिच्यात ठरलेल्या मापाची खिडकी पाहिजे. माप समजावं म्हणून मॅडमनी सांगितलं होतं, वर्तमानपत्राचं अख्खं एक पान आणि वर अर्धं. आमच्या बाथरूमला पानाचा तुकडासुद्धा नव्हता.

पूर्वी खिडकी होती. जुळे सोलापुरात एका प्लॉटवर दोन भावांची दोन घरं, आमचं आणि आप्पांचं. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोन घरांच्या मधे नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडलेली, आणि आमची खिडकी तिथं उघडायची. मी लहान असताना आप्पांनी त्या जागेवर स्लॅब टाकला आणि खाली देवघर केलं. झालं! देवासमोर न्हाणीची खिडकी? आप्पांनी तोंडानं काही म्हणायच्या आधीच बाबांनी स्वतः विटा लावून ती बुजवली. भावाचं मन राखलं म्हणून गल्लीत कौतुक झालं. सगळ्यांना बरं वाटलं, आणि बाथरूमचं डबडं झालं.

तरी इतकी वर्षं निभावलं, कारण पाणी अंगणातल्या बंबात तापायचं. मग ऋतुजाताई, माझी मोठी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दाजी रेल्वेत आहेत, कुर्डुवाडीला. बाळंतिणीला भरपूर कढत पाणी पाहिजे म्हणून बाबांनी गॅस गीझर आणला आणि बसवला कुठं, तर त्याच बंद डबड्यात. मी कॉलेजातून आले, तो भिंतीवर बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"बाबा, हा आत चालायचा नाही. गॅस जळताना खोलीतली हवा खातो. हवा कमी पडली की विषारी वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी जातं."

"अक्कल पाजळू नको," बाबा म्हणाले. "गावभर लोकांच्यात हाय की गीझर."

"त्यांना खिडकी असंल."

आप्पा ओसरीत चहा पीत होते. "इतकी वर्षं त्याच न्हाणीत आंघोळी करताय की. मेलं का कोण?"

"तेव्हा गीझर होता का आप्पा?"

"बघ, तोंड बघ हिचं!"

मी मागची भिंत दाखवली. तिच्या पलीकडं बोळ आहे, उघडं आभाळ आहे, देव नाही का माणूस नाही. तिथं खिडकी काढू या, गवंड्याचं दोन दिवसांचं काम. तर आईनं कानावर हात ठेवले. "घरात पोटुशी लेक हाय आन् भिंतीला छिन्नी लावायची? शुभ बोल जरा." बाबा म्हणाले, बाळंतपण उरकू दे, मग बघू. ताई पोटावर हात ठेवून हसत होती. "अपे, आमच्या क्वार्टरच्या बाथरूमला वर एवढी मोठी जाळी हाय, थंडीत नुसती कुडकुडते मी. माहेरी तरी उबेत न्हाऊ दे की गं."

तिच्यावर मला कधी रागावता आलं नाही. तेवढी एकच.

कळा सुरू झाल्या आणि सगळे तिला घेऊन दवाखान्यात गेले. घरात मी एकटी. आता घरात पोटुशी बाई नव्हती, म्हणजे आईचा नियमही मोडत नव्हता. शेजारून हातोडा-छिन्नी आणली आणि स्टुलावर चढून मागच्या भिंतीला भिडले. प्लास्टर सुटलं, एक वीट निघाली, दुसरी निघाली, बोळातला उजेड आत आला. तेवढ्यात आवाज ऐकून आप्पा धावत आले आणि त्यांनी हातोडा हिसकावून घेतला. "घर पाडतीस का काय भवाने!" राहिलं ते दोन विटांचं भोक. पानाच्या मापाला कुठंच पोचत नव्हतं, पण कायच नसण्यापेक्षा बरं, असं मी मनाला समजावलं.

ताईला मुलगा झाला. ती घरी आली आणि आंघोळी घालायला केराबाई यायला लागल्या. अर्ध्या जुळे सोलापुराची पोरं त्यांच्या पायावर न्हालेली. भोक बघून त्या म्हणाल्या, "अगं बया, भिंतीला नाकपुडी कुणी पाडली ही?" आणि आईकडं बघून, "म्हानंदाबाई, बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं. बुजवा ते."

आईनं एक टॉवेल घेतला, चांगला दाबून भोकात कोंबला. बाबा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, त्यामुळं घरात विणकाम चुकलेल्या टॉवेलांना तोटा नाही. हा निळा होता, एका बाजूची किनार वाकडी गेलेला.

मग रोजचाच खेळ सुरू झाला. आंघोळीआधी मी टॉवेल उपसायची, आई परत कोंबायची. एकदा मी चिडून नियमांचं पुस्तकच तिच्यासमोर आपटलं. तिनं शांतपणे विचारलं, "तुझ्या ह्या पुस्तकात बाळंतीण हाय का? ओली बाळंतीण, दोन टाके पडलेली, हाडं उघडी झालेली?" पुस्तकात मापं होती.

शेवटी एक तोड निघाली. दार सताड उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, आणि मगच दार लावून आंघोळ. मी घरात असले की तसं व्हायचं. मी उभीच राहायची दारात, पोलिसासारखी. ताई आतनं ओरडायची, "साहेब, गीझर बंद हाय, निघा आता!"

माझी तोंडी परीक्षा होती त्या दिवशी मी लवकर निघाले. निघताना टॉवेल उपसला, तारेवर टाकला आणि आईला बजावलं, "आधी बादल्या, मग आंघोळ." ती बाळाचं तेल कोमट करत होती. "व्हय गं बाई, व्हय," म्हणाली.

परीक्षेत मॅडमनी मला न्हाणीघराच्या खिडकीचं माप विचारलं. मी सांगितलं, आणि त्या खूश झाल्या. बाहेर आले तर फोनवर आप्पांचे कॉलच कॉल.

झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. बाळाची आंघोळ झाली, केराबाई त्याला घेऊन बाहेर आल्या, आई धुरी द्यायला बसली. ताई म्हणाली, आज डोक्यावरनं घेते, जरा वेळ लागंल. कडी लावली. पाण्याचा आवाज येत होता, गीझर चालू होता. केराबाई म्हणाल्या, बराच वेळ झाला की. आई म्हणाली, "घेऊ द्या निवांत, सासरी कुठं मिळतीय एवढी आंघोळ." हाका मारल्या तेव्हा आतनं फक्त पाणी ऐकू आलं. आप्पांनी दार फोडलं.

मी पोचले तेव्हा ताईला बाहेर कॉटवर ठेवलं होतं. डॉक्टर येऊन गेले होते. तिचे गाल गुलाबी होते, चांगली झोप झालेल्या माणसासारखे, आणि केसांतनं पाणी अजून गळत होतं. मला रडायला आलं नाही. मी तिला ओलांडून सरळ बाथरूममध्ये गेले आणि वर बघितलं.

निळा टॉवेल भोकात होता. वाकडी किनार बाहेर लोंबत होती.

मी स्टुलावर चढले, तो ओढून काढला आणि कॉलेजच्या बॅगेत घातला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पोलीस आले तेव्हा भोक उघडं होतं. हवालदार म्हणाला, "हवेला जागा तर होती की." गीझरच खराब होता, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि तसं ठरल्यावर सगळ्यांना जरा श्वास घेता आला. दाजी फक्त भिंतीकडं बघत बसले होते.

आईनं मात्र बाळाला हात लावायचं सोडलं. पोर भुकेनं ओरडायचं, केराबाई बाटली द्यायच्या, मी द्यायची. आई कोपऱ्यात दोन्ही हात काखेत दाबून बसायची. जेवण नाही, आंघोळ तर नाहीच. दाजी म्हणाले, एकट्याला जमायचं नाही, पोराला अनाथाश्रमात का ठेवू मी? त्यांनाही कळत नव्हतं काय बोलतोय ते. तेराव्यानंतर मी बाळाला आईच्या मांडीवर ठेवायला गेले तर ती मागं सरकली.

"ह्या हातांनी न्हाय."

"आई, असं काय करतीस?"

"अपे," तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "त्या दिवशी टॉवेल मीच लावला असंल न्हवं? मला आठवंना गं. रोज लावायची मी. तुझी पाठ वळली की लावायची. लई आठवून बघतीय, आठवंना."

बॅग तिथंच खुंटीला होती, टॉवेल तिच्यात तसाच. मला सगळं बोलता आलं असतं. किती वेळा सांगितलं, कुणी ऐकलं नाही, हे ओरडून सांगायला माझा जीव नुसता जळत होता. देवाशपथ, जळत होता.

"न्हाय आई," मी म्हणाले. "मी तारेवर वाळत घातलेला, आले तेव्हा तारेवरच होता. भोक उघडंच होतं."

"बघितलंस तू?"

"माझ्या डोळ्यांनी. पोलिसांनी पण बघितलं."

बाळ माझ्या हातात कुरकुरत होतं. मग आईच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि ती सावकाश, एकेक शब्द चाचपत म्हणाली, "भोक उघडं असूनबी गेली माझी लेक. मग तुझं ते पुस्तक खोटंच की गं."

दारात आप्पा उभे होते. "मी तवाच म्हणत होतो. भिंत फोडलीस, काय उपेग झाला? पटलं का आता तरी?"

मी आप्पांचं आजवर एकदाही ऐकून घेतलं नव्हतं.

"पटलं," मी म्हणाले. "व्हय आई. खोटंच हाय पुस्तक."

आईनं काखेतले हात काढले आणि पुढं केले. मी बाळ तिच्या हातांत दिलं.