खोडायचं नाही

शिल्पाच्या वहीला भोकं पडायची. एक अक्षर लिहायचं, चारदा खोडायचं, कागद फाटला की रडायचं. नात माझी, तोंडाची तोफ, पण पेन्सिल धरली की बोटं लाकडाची. मोठ्या बाई कुसुमताई म्हणाल्या, सोमवारी समोर बसून पाच ओळी लिहू दे. पाठ केलेल्या नकोत, मनाच्या हव्यात. नाहीतर पुन्हा पहिलीत.

मलाही असंच मागं ठेवलं होतं. त्यानंतर मी शाळेची पायरी चढले नाही.

नारायणगुड्यात आमची टायपिंगची इन्स्टिट्यूट. नव्या कंपन्या आल्या तसं माझ्या लेकाला, विक्रमला, कॉम्प्युटरचं वेड लागलं. मशिनी कोपऱ्यात गेल्या. त्यातली मराठीची मी पोरीपुढं ओढली. विक्रम कुरकुरला, हातानं येत नाही तिला हे कशाला. मी म्हटलं, तू तुझी काचेची पेटी पूस.

आमच्याकडं परीक्षेचा कायदा एकच: खोडायचं नाही. चुकलं तर चुकलं, पुढची कळ दाबायची. मला तेवढंच ठाऊक, तेवढंच शिकवलं. पोरगी खेळायला लागली. ‘कावळा हौला आहे,’ म्हणजे येडा. ‘बाबा घोरतात.’ मग तेच पेन्सिलीनं उतरवायची. चुकलं की रेघ मारून पुढं. पण ते घरी. बाईंसमोर काय होईल, या धास्तीनं मला घास गिळवेना.

सोमवारी मला दाराबाहेरच उभं केलं. जाळीतून बघत होते. शिल्पानं पेन्सिल धरली आणि थांबली. कुसुमताईंनी मायेनं खोडरबर सरकवलं. मी हात पदरात लपवला. पोरीनं ते उचललं, माझ्याकडं बघितलं, खाली ठेवलं. मग मान खाली घालून लिहीत सुटली.

कुसुमताई कागद घेऊन बाहेर आल्या. चार ओळी घरून पाठ करून आणल्यासारख्या वाटतात, म्हणाल्या. कावळा, बाबा, तेच. मग शेवटची वाचली.

“‘आजी दाराबाहेर कापतेय.’ हे खरं असेल, तर हिनं मनानं लिहिलंय. खरं आहे का?”

शिपाई, दोन पोरांच्या आया, सगळे माझ्याकडं बघायला लागले. नारायणगुड्यात मला भ्यालेली कुणी पाहिलेली नाही, आणि पाहिली असती तर मी त्याला बोलू दिलं नसतं.

पदरात धरलेला हात मी बाहेर काढला, बाईंपुढं केला.

“खरं आहे,” म्हटलं. “हे बघा, अजून थांबत नाही.”