तार कापायच्या आधी

पावियाने पहारीचा आणखी एक घाव घातला, तेव्हा कुठे जनरेटरची खोली ओढून न्यायला तिच्याखाली लावलेली लाकडी घसरपट्टी बर्फातून सुटली. चार उन्हाळे ती खोली एकाच जागी उभी होती आणि आता बर्फ तिला सोडायला तयार नव्हता. दुसरी बाजू अजून तशीच होती. तो तिकडे गेला, पहार टेकवली आणि घाव न घालताच दळणवळणाच्या तंबूकडे बघत राहिला. तंबूच्या माथ्यावरची उपग्रह-फोनची तबकडी अजून जागेवर होती.

उद्या सकाळी विमान येणार होतं. धावपट्टी ओढून सपाट झाली होती. खाटा दुमडल्या होत्या, स्वयंपाकाच्या तंबूतून भांडी निघाली होती आणि दुपारचं जेवण म्हणून सगळ्यांनी उभ्याउभ्याच राय धान्याचा पाव आणि चीज खाल्लं होतं. इथे पुन्हा कोणी येणार नव्हतं. दोन-तीन हिवाळ्यांत बर्फ सगळं बुजवून टाकेल आणि इथे माणसं राहत होती यावर पांढऱ्या कोल्ह्याचाही विश्वास बसणार नाही.

बर्फ अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या या तळाचा मिस्त्री म्हणून पावियाला आवराआवरीची सवय होती. पण आज त्याचे हात ठिकाणावर नव्हते. एक पेटी त्याने दोनदा बांधली, कारण पहिल्या वेळी हातमोजा आतच राहिला. तळप्रमुख टॉर्किल तिथून जाता जाता थांबला आणि म्हणाला की कळा तुझ्या पोरीने सोसल्या, पण तोंड मात्र तुझं बाळंतिणीसारखं झालंय. टॉर्किल तसा मनाने चांगला. डेन्मार्कची माणसं हसवायला जातात तेव्हा जरा जपूनच जातात, हा मात्र आपल्यातलाच वाटावा असा होता. पाविया हसला आणि पेटी पुन्हा एकदा सोडायला लागला.

सकाळी फोनवर बायकोशी, राकेलशी, बोलणं झालं होतं. त्यांच्या मुलीला, इवालूला, परवा मुलगा झाला, दिवस भरायच्या थोडं आधी. इलुलिस्सात शहरातल्या दवाखान्यात दोघं सुखरूप होती, पण पोर दूध ओढत नव्हतं. रडायचं, दमायचं, पुन्हा रडायचं. डॉक्टरीणबाई वाट पाहू म्हणत होत्या. राकेलच्या मावशीला मात्र वाट पाहण्यासारखं काही दिसत नव्हतं. पोर नाव मागतंय, ती म्हणाली, आणि कोणाचं मागतंय ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इवालूच्या मनातही तेच नाव होतं. फक्त बापाने हो म्हटल्याशिवाय ती ते ठेवणार नव्हती.

पाविया म्हणाला होता, "विचार करतो." आणि फोन ठेवला होता.

विचार करण्यासारखं त्यात काय होतं, ते त्यालाच ठाऊक. त्यांच्या गावात गेलेल्याचं नाव पोराला आलं की तो माणूसच परत आला. राकेल शेजारच्या पाच वर्षांच्या पोरीला 'आई' म्हणते, कारण त्या पोरीला राकेलच्या आईचं नाव आहे. जेवणात व्हेलच्या कातडीचा चांगला तुकडा आधी तिला, मग घरच्यांना. पोरगीही बिलंदर, भर दुकानात राकेलला सुनावते की केस विंचरून येत जा, आणि राकेल मान खाली घालून ऐकते. तेव्हा नातवाचं नाव कुनुक ठेवलं, तर कुनुकच घरात येणार. पावियाला त्याला 'दादा' म्हणावं लागणार. त्याच्यावर रागावता येणार नाही, आणि त्याने हाक मारली तर तोंड फिरवता येणार नाही.

कुनुक, त्याचा थोरला भाऊ, गेल्याच हिवाळ्यात फुप्फुसांच्या दुखण्याने गेला. पावियाने शवपेटीला खांदा दिला. कबरीपाशी सगळ्यांनी गाणं म्हटलं तेव्हा त्याचे ओठ मिटलेलेच राहिले. सहा वर्षं त्या दोघांमध्ये शब्द नव्हता. गाव एवढंसं, धक्का एक, दुकान एक, तरी निभावलं. माणसाने मनावर घेतलं की निभतं.

संध्याकाळी तबकडी उतरणार होती, मग फोनही बंद. उद्या विमान आलं, तरी खाली विमानतळावर धुकं असलं तर पुढचे किती दिवस अडकून पडावं लागेल याचा भरवसा नव्हता. तोवर पोराने उपाशी राहायचं?

त्याने दुसरी घसरपट्टी सोडवली. तेवढ्यात टॉर्किल परत आला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"विंच काढायचा आहे, पाविया. आता थांबता येणार नाही."

विंच म्हणजे बर्फात खणलेल्या भुयारातलं मोठं तारेचं रीळ. त्या तारेच्या टोकाला, बर्फाच्या पोटात अडीच किलोमीटर खाली, ड्रिल अडकलं होतं. बर्फाखालच्या मातीला टेकायच्या बेतात असताना अडकलं. त्याच्या पोटात बर्फाचा शेवटचा दांडा होता, सगळ्यांत जुना, ज्याच्यासाठी चार उन्हाळे हा सगळा खटाटोप केला तो. ड्रिल तळावरच्या इंजिनीयर बाईने, बोडिलने, स्वतःच्या हाताने बनवलेलं. बर्फ वितळवायचं औषध तिने खाली सोडलं होतं, तार ताणून धरली होती, आणि काही दिवस ती त्या रिळापाशीच बसून होती. तारेवर तळवा ठेवून बसायची, नाडी बघितल्यासारखी. आज सकाळी तिला टॉर्किलने जवळजवळ ओढतच तंबूत नेऊन झोपवलं होतं.

"तिला सांगितलंस?" पावियाने विचारलं.

"झोपू दे तिला. तू तार कापून टाक. उठेल तेव्हा कळेलच."

टॉर्किल गेला. पाविया शिडीने भुयारात उतरला. खाली ड्रिलच्या तेलाचा वास होता, छताला बाक आला होता आणि थंडी वरच्यापेक्षा जास्त होती. त्याने रिळाची कळ मागे फिरवून तार सैल केली, भोकाच्या तोंडाशी तिला चाप लावला, कटर हातात घेतला. चालू केला. बंद केला. दोनदा असं झालं.

सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी तोही असाच झोपला होता. रात्रभर मासेमारी करून पहाटे आलेला. त्याच्या कुत्रागाडीचा पुढारी कुत्रा तुलुगाक साखळी तोडून निसटला, बालवाडीकडे गेला आणि तिथे एका पोराच्या दंडाला त्याने धरलं. गावात मोकळ्या सुटलेल्या कुत्र्यांना गोळी घालायचं काम कुनुककडे होतं आणि नियम सगळ्यांना सारखा. त्याबद्दल पावियाने कधी वाद घातला नाही. पण जाग आली तेव्हा दाराच्या खिळ्याला तुलुगाकचा गाडीचा पट्टा अडकवलेला होता, धुऊन, घड्या नीट काढून. बस्स. कुनुकने दार ठोठावलं नाही. 'ऊठ, असं असं झालंय' एवढं म्हणाला नाही. ज्या कुत्र्याने आपल्याला फुटक्या बर्फावरून दोनदा घरी आणलं, त्याच्या कपाळावर शेवटचा हात ठेवायचा हक्क आपला होता, असं पावियाला वाटे. तो हक्क सख्ख्या भावाने झोपेत काढून नेला होता.

त्याने कटर खाली ठेवला आणि शिडी चढून बोडिलच्या तंबूपाशी गेला. कापडावर थाप मारली. पुन्हा मारली.

"बोडिल, ऊठ. तार कापायची आहे. तुला सांगितल्याशिवाय कापवेना."

ती बुटांच्या नाड्या न बांधताच आली. भुयारात तिने हातमोजा काढला, उघडा तळवा तारेवर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने कटर मागितला. पावियाने दिला. तिने तो तारेला लावला, पण चालू केला नाही. तिने कटर त्याच्या हातात परत ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पावियाने कापलं. ठिणग्या उडाल्या. मग त्याने चाप सोडला आणि तार भोकात शिरली. आधी सळसळ झाली, मग एक बारीक शिट्टीसारखा आवाज, तो लांब लांब जात राहिला. किती वेळ जात राहिला कोण जाणे. थांबला असं वाटलं तरी दोघं कान देऊन उभी होती.

"मला उठवायचं नव्हतंस रे," बोडिल म्हणाली. तिचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"सांगून करावं असं वाटलं."

"सांगून काय झालं? हा आवाज आता जन्मभर माझ्या कानात राहणार. झोपेत उरकलं असतंस तर उठून तुला चार शिव्या घातल्या असत्या, टॉर्किलला चार घातल्या असत्या. वर्षभर बोलले नसते तुमच्याशी." तिने बाहीने नाक पुसलं. "तेवढा तरी आधार झाला असता."

बोडिलने वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या, अगदी सावकाश, आणि शिडी चढून गेली. पाविया खालीच राहिला. विंचचे नट काढायचे होते. एक काढला, दुसऱ्याला पाना लावला, आणि पाना तसाच लटकत ठेवून तो वर आला.

टॉर्किल तंबूच्या माथ्यावर चढून तबकडीचे स्क्रू ढिले करत होता.

"थांब जरा," पाविया म्हणाला. "घरी बोलायचंय."

टॉर्किलने त्याच्याकडे पाहिलं आणि हात थांबवला. पाविया आत गेला. पेटीत भरलेला फोन त्याने पुन्हा बाहेर काढला. राकेलने लगेच उचलला. मागे पोर रडत होतं. बारीक, दमलेलं रडणं, मध्येच श्वासासाठी थांबणारं. अजून काही पोटात गेलं नाही, राकेल म्हणाली, नळीने द्यावं लागेल म्हणतायत. नावाचा विषय तिने काढला नाही.

"राकेल, तुलुगाक गेला त्या दिवशी तू जागी होतीस?"

"हो."

"दार तू उघडलंस?"

"उघडायला काय, उघडंच होतं. तुझा भाऊ पायरीवर बसला होता. कधीपासून बसला होता देव जाणे, पट्ट्यातलं पाणी पायरीवर गोठलं होतं. मी म्हटलं, कॉफी झालीय, आत या, त्याला उठवते. तर म्हणाला, झोपू दे त्याला. माझ्यावर चिडेल तर चिडू दे."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कुनुकचं नाव तरी काढू दिलंस का घरात?"

ते खरं होतं. पावियाने तंबूच्या खांबाला पाठ टेकली. छताच्या कापडावर टॉर्किलच्या गुडघ्यांची सावली होती, जागची हलत नव्हती.

"इवालूला सांग, ठेव," तो म्हणाला. "आणि फोन त्याच्या कानाशी धर."

काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, इवालू काहीतरी बोलली, आणि मग रडणं अगदी जवळ आलं, त्याच्याच छातीवर असल्यासारखं. त्याने टोपी काढली. बर्फावरच्या माणसाने टोपी काढू नये हे त्याला लहानपणी कुनुकनेच शिकवलं होतं.

"दादा," तो म्हणाला.

तिकडे रडणं चालूच होतं.

"उठलोय मी, दादा. काय सांगायचंय ते सांग."